तिकडं आत्ता किती वाजलेत? परदेशातल्या वेळेचा हिशेब कसा लावायचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं आता गल्लीत एकतरी घर असं असतंय की पोरगा दुबईत नाहीतर लेक न्यू जर्सीत, आणि तरी फोन लावायच्या आधी बोटं मोजणं काय सुटत नाही, त्यात परत हिशेब अर्ध्या तासानं नाहीतर एक तासानं चुकतोच, मग तिकडं जावई झोपेतून उठून फोन घेतोय आणि इकडून सासूबाई विचारायल्यात, जेवलास काय रे बाबा?

तर पहिलं काम म्हणजे देश सोडा, गाव विचारा. "अमेरिकेत असतो" एवढ्यानं काही कळत नाही, न्यूयॉर्कला दुपारचे १२ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे ९ वाजलेले असतात. पर्थ आणि मेलबर्नचं पण तसंच, देश एक, घड्याळं दोन. आपल्याला हे पटकन सुचत नाही कारण गुजरातपासून अरुणाचलपर्यंत सगळ्यांची वेळ एकच, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की पाट्या बदलतात, बस बदलते, घड्याळ तेवढं तेच राहतंय.

(सूर्याला मात्र हे मान्य नाही बघा. भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर धरलीय, बेळगाव साधारण ७४.५ अंशावर, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं आपण अर्धा तास मागं. म्हणून जानेवारीत इकडं सूर्य वर यायला सात वाजून जातात. ज्यांच्या घरचा जवान आसाम-अरुणाचलला पोस्टिंगवर आहे त्यांना विचारा, डिसेंबरात तिकडं साडेचारला अंधारायला लागतंय, इकडं आपण चहाचं आधण ठेवायलोय.)

दुसरं काम, अर्धा तास विसरायचा नाही. जगाची वेळ लंडनच्या ग्रीनिचपासून मोजतात, बहुतेक देश तिथून पूर्ण तासांनी पुढंमागं, आपण मात्र साडेपाच तास पुढं. त्यामुळं दुबई-ओमान आपल्या दीड तास मागं, सौदी-कतार-कुवेत अडीच तास मागं आणि सिंगापूर अडीच तास पुढं. नेपाळ, ॲडलेड अशी थोडी ठिकाणं सोडली तर फरकात अर्धा तास हा येणारच, तुमचं उत्तर पूर्ण तासात आलं की समजा कुठंतरी गडबड झालीय, परत मोजा.

तिसरं काम, महिना बघायचा. खरी गंमत इथं आहे आणि बहुतेक लोक इथंच फसतात. अमेरिका, इंग्लंड, युरोपात उन्हाळ्याला घड्याळ एक तास पुढं सरकवतात आणि थंडीला परत मागं आणतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं, तर इंग्लंड-युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणून न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागं आणि थंडीत साडेदहा, लंडन साडेचार आणि साडेपाच. सिडनी-मेलबर्नचं उलटं, त्यांचा उन्हाळा आपल्या थंडीत, तेव्हा ते साडेपाच तास पुढं, एरवी साडेचार. आखातात आणि सिंगापुरात ही भानगडच नाही, बारा महिने एकच फरक.

लंडनसाठी एक जुनी युक्ती आहे. काट्याचं मनगटी घड्याळ काढा आणि उलटं धरा, म्हणजे ६ चा आकडा वर आला पाहिजे. आपल्याकडं दुपारचे ३ वाजले असतील तर उलट्या घड्याळात साधारण साडेनऊ दिसतील, थंडीतली लंडनची वेळ तीच. तास काटा थोडा अलीकडं दिसतो पण अंदाज पक्का येतो. उन्हाळा असला तर त्यात एक तास मिळवायचा.

एवढं डोक्यात ठेवायचं नसेल तर फोनमधलं क्लॉक ॲप उघडा, वर्ल्ड क्लॉकवर जा, अधिकचं चिन्ह दाबा, गावाचं नाव टाका, झालं. घड्याळ पुढंमागं करायचं ते त्याचं ते करतंय. आईच्या फोनमध्ये एकदा लावून द्या आणि वेळेच्या जोडीला तिथं वारही बघायला शिकवा, कारण आपल्याकडं सोमवारची सकाळ असते तेव्हा कॅलिफोर्नियात अजून रविवारची रात्र असू शकते.

विमानाच्या तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती त्या त्या गावची असते. मुंबईहून पहाटे ४ ला निघून दुबईला साडेपाचला पोचलं म्हणजे दीड तासात पोचलं असं नाही, प्रवास तीन तासांचाच. येताना तिकडून रात्री १० ला निघालं तर मुंबईत रात्रीचे अडीच वाजतात आणि तारीख बदललेली असते, आणायला जाणाऱ्या गाडीवाल्याला ही तारीख सांगा, निघायची नको. आणि तिकिटावर १५ तारीख, ००:४० लिहिलं असेल तर १४ च्या रात्री एअरपोर्टवर पाहिजे, म्हणजे बेळगावातनं १४ ला सकाळीच निघायचं.

अमेरिकेहून आलेल्या माणसाला चार-पाच दिवस रात्री टक्क जाग असते, दुपारी डोळे मिटतात. सकाळचं ऊन अंगावर घेऊ दे, दुपारी फार झोपू देऊ नका आणि दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांच्या घरी जेवणं लावू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोसच्या वेळा निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून लिहून घ्याव्यात.

फोनवरचा इंटरव्ह्यू असला तर वेळ ठरवताना दोन्हीकडची वेळ आणि तारीख मेलमध्ये लिहा, "उद्या ९ वाजता" असलं काही चालत नाही.

राहिली मॅच. मेलबर्नची २६ डिसेंबरची टेस्ट तिकडं साडेदहाला सुरू होते, आपल्याकडं पहाटे ५, म्हणून अलार्म. लॉर्ड्सला ११ ला पहिला बॉल पडतो तेव्हा इकडं दुपारचे साडेतीन, ऑफिसवाल्यांचे हाल. कधी कधी मॅचच आपल्या घड्याळावर लावतात, ९ जून २०२४ ची भारत-पाकिस्तान मॅच न्यूयॉर्कात सकाळी साडेदहाला ठेवली होती ती आपल्याला रात्री ८ ला टीव्हीवर दिसावी म्हणून, बाजार कुठं आहे ते त्यांना बरोबर कळतंय. फुटबॉलवाल्यांना मात्र असं सुख नाही. २०२६ च्या वर्ल्डकपची फायनल न्यू जर्सीत, १९ जुलै, दुपारी ३. साडेनऊ तास मिळवले की आपल्याकडं रात्रीचे साडेबारा, म्हणजे तारीख २०. रजा टाकायचीच तर २० ची टाका, १९ ला तसाही रविवार आहे.