रिस्टोर केलेल्या जुन्या चित्रपटाची डिस्क मागवण्याआधी

जुन्या चित्रपटाची नवी डिस्क येणार असं कळलं की ओळखीतलं कोणी ना कोणी मला मुखपृष्ठाचा फोटो पाठवतं आणि विचारतं, "काका, घेऊ का?" मुंबईतल्या एका फिल्म लॅबमध्ये मी निवृत्त होईपर्यंत ग्रेडर होतो. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना प्रत्येक शॉटला लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती द्यायचा, हे एक ते पन्नासच्या मापावर ठरवायचं काम. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असतं. मुखपृष्ठ राहू दे, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून दाखव.

बारीक अक्षरात बहुतेक वेळा "नवं ४के रिस्टोरेशन" असं असतं, म्हणजे जुनी फिल्म साधारण चार हजार पिक्सेल रुंद स्कॅन करून दुरुस्त केलेली (२के त्याच्या निम्मं रुंद). सगळे तिथेच खूश होतात. खरी माहिती त्याच्या पुढच्या अर्ध्या वाक्यात असते: हे रिस्टोरेशन कशावरून केलंय? मूळ कॅमेरा निगेटिव्ह, म्हणजे शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यातून गेलेली फिल्म, सगळ्यात वरची. तिच्यावरून काढलेली इंटरपॉझिटिव्ह किंवा कृष्णधवल असेल तर फाइन ग्रेन मास्टर, ही दुसरी पिढी. त्यावरून ड्यूप निगेटिव्ह, ही तिसरी. आणि थिएटरात फिरून आलेली प्रिंट शेवटची. प्रत्येक पिढीला ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक कण, वाढतो, काळ्या भागातला तपशील बुडतो, पांढरा भाग उडतो. म्हणून कॅमेरा निगेटिव्हवरून नीट केलेलं २के काम मला वापरलेल्या प्रिंटच्या ४के स्कॅनपेक्षा कधीही चालेल. प्रिंटवरचे ओरखडे चौपट पिक्सेलमध्ये बघून काय करायचंय? घोषणेत फक्त "डिजिटली रीमास्टर्ड" एवढंच असेल आणि मूळ साहित्याचा उल्लेख नसेल, तर परीक्षणं येईपर्यंत थांबायचं. ज्यांच्याकडे चांगली निगेटिव्ह असते ते ती गोष्ट लपवत नाहीत.

पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीवरून काम झालंय म्हणून डिस्क वाईट, असंही नाही. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचं उदाहरण घ्या. १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन्स लॅबला आग लागली, त्यात या तिन्ही चित्रपटांच्या निगेटिव्ह होरपळल्या. जळकी, चिकटलेली रिळं फेकून न देता अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहात ठेवली गेली. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोवाता लॅबमध्ये ती फिल्म ओलावा देऊन पुन्हा लवचिक केली, परफोरेशनच्या (फिल्मच्या कडेच्या भोकांच्या) फाटक्या कडा हाताने दुरुस्त केल्या आणि मग स्कॅन केली. 'पथेर पांचाली'ची साधारण चाळीस टक्के आणि 'अपराजितो'ची साठ टक्क्यांहून थोडी जास्त निगेटिव्ह वापरता आली. बाकीचा भाग आणि 'अपूर संसार' फाइन ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्हवरून. २०१५ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीने हा संच काढला. तो बघताना एखाद्या प्रसंगात अचानक ग्रेन जाड झालेला दिसला, तर टीव्ही बिघडलेला नसतो. तिथे निगेटिव्ह संपून पुढची पिढी सुरू झालेली असते. तो जोड शक्य तितका दिसू न देणं हेच ग्रेडरचं काम, आणि तिथे ते उत्तम केलंय.

दुसरं. महोत्सवात दाखवलेलं रिस्टोरेशन आणि डिस्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने रिस्टोर केलेला 'मंथन' २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, मग आपल्याकडे थिएटरातही आला. 'शोले' २०२५ च्या जूनमध्ये बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासह दाखवला गेला. त्याची कॅमेरा निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमने गेलेली होती. ॲसिटेट फिल्म सडू लागली की डबा उघडताच आंबट वास नाकात जातो, आमच्या लॅबमध्ये तो वास आला की सगळ्यांचे चेहरे पडायचे. अशा बातम्या आल्या की लोक लगेच विचारतात, डिस्क कधी? तारीख कोणी सांगत असेल तर ती प्रकाशकाने स्वतः जाहीर केली आहे का, एवढं बघा. महोत्सवाचं पोस्टर लावून आगाऊ पैसे घेणाऱ्या विक्रेत्यापासून लांब राहा. डिस्कचे हक्क, सबटायटल, गाण्यांचे हक्क हे सगळं रिस्टोरेशननंतर सुरू होतं, आणि कधी कधी सुरूच होत नाही.

आता रंग. इथे माझा हात जरा सैल सुटतो. "दिग्दर्शकाच्या मान्यतेने" हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांच्या चित्रपटांचा संच २०२१ मध्ये आला, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या देखरेखीखाली केलेला. 'इन द मूड फॉर लव्ह'मध्ये हिरवट छटा आली आणि 'फॉलन एंजल्स'ची चौकटच लांबट करून टाकली. त्यांनी याचं समर्थनही केलं: मी आता तोच माणूस नाही, तुम्हीही तेच प्रेक्षक नाही, असा त्याचा आशय. कलावंत म्हणून त्यांचा हक्क मला मान्य आहे. पण ज्याला थिएटरात दिसलेला चित्रपट हवाय त्याने जुनी डिस्क सांभाळून ठेवावी. जिथे दिग्दर्शक हयात नाही तिथे छायालेखकाने काम तपासलंय का, किंवा त्या काळची चांगली प्रिंट रंगासाठी समोर ठेवली होती का, हे घोषणेत किंवा पुस्तिकेत शोधा. ते असेल तर माझा विश्वास वाढतो.

आणि रंगवलेला चित्रपट म्हणजे रिस्टोर केलेला नव्हे. २००४ ची रंगीत 'मुघल-ए-आझम' पुष्कळांनी आवडीने पाहिली, मीही थिएटरात पाहिली. पण १९६० चा चित्रपट मुख्यतः कृष्णधवल आहे, रंगीत आहेत ती शीशमहलच्या गाण्यासारखी मोजकी रिळं, आणि काळ्या-पांढऱ्यातून रंगात येण्याचा तो धक्काच रंगवलेल्या आवृत्तीत नाहीसा होतो. पाकिटावर "रंगीत" लिहिलंय की "मूळ कृष्णधवल", ते बघूनच पैसे द्या.

ग्रेनबद्दल एकच सांगतो. ग्रेन म्हणजे चित्र. फिल्मवर चांदीचे किंवा रंगाचे कणच असतात, त्यांच्याशिवाय दुसरं काही नसतं. ते कण सॉफ्टवेअरने पुसले की नटांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे होतात. प्रकाशनाआधी परीक्षण करणाऱ्या साइट्सवर डिस्कमधून काढलेली स्थिरचित्रं असतात. त्यात गालावरची त्वचा, सुती कापडाचा पोत आणि दूरच्या झाडांची पानं बघा. पानांचा हिरवा चिखल झाला असेल तर पुसापुशी झालीय. चौकट आणि आवाज झटपट तपासता येतात: १९५० च्या आधीचा चित्रपट सोळा-नऊचा पडदा भरून दिसत असेल तर डोकी आणि पाय कापलेले आहेत, आणि मूळ मोनो (एकेरी) साउंडट्रॅक दिलेला नसून फक्त ५.१ (सहा स्पीकरचा सराउंड आवाज) असेल तर कोणीतरी नंतर पावलांचे आणि तलवारींचे आवाज भरले असण्याची शक्यता आहे.

भारतात राहणाऱ्याला सगळ्यात जास्त नडतो तो रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारं कुलूप. ब्लू-रेचे तीन रीजन आहेत. अमेरिका आणि जपान ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. क्रायटेरियनची अमेरिकन ब्लू-रे ए-लॉक, म्हणजे फक्त ए रीजनच्या प्लेअरवर चालणारी असते, इथे विकत घेतलेल्या साध्या प्लेअरमध्ये ती घातली की पडद्यावर नकाराचा संदेश येतो. ब्रिटनच्या मास्टर्स ऑफ सिनेमा या लेबलच्या डिस्क बहुतेक बी-लॉक. तिथल्याच सेकंड रन या लेबलच्या ब्लू-रे बहुतांशी सगळीकडे चालतात आणि इंडिकेटर या लेबलच्याही पुष्कळ चालतात, म्हणून ज्याने नुकतीच सुरुवात केलीय त्याला मी आधी या दोन नावांकडे पाठवतो. ४के यूएचडी, म्हणजे ब्लू-रेहून जास्त पिक्सेलच्या डिस्कला रीजन कोड लागत नाही, ही मोठी सोय. पण त्यातही एक खोच आहे. क्रायटेरियनच्या अमेरिकन ४के संचात सहसा एक यूएचडी आणि एक साधी ब्लू-रे असते, मुलाखती आणि माहितीपट त्या साध्या ब्लू-रेवर असतात, आणि ती ए-लॉक असते. म्हणजे चित्रपट दिसेल, बाकीचं कुलपात. तुम्हाला पूरक साहित्यासाठीच संच हवा असेल तर हे आधी माहीत असावं.

उपाय म्हणजे रीजन-फ्री केलेला प्लेअर. डीव्हीडीचा रीजन पुष्कळ प्लेअरमध्ये रिमोटवरून बदलता येतो, ब्लू-रेचा बहुतेकदा येत नाही, त्यासाठी आतून बदल केलेला प्लेअर घ्यावा लागतो. परदेशातून आणवणार असाल तर मागची पट्टी वाचा: फक्त ११० व्होल्टचा प्लेअर इथे थेट लावला तर धूर निघेल. आणि गेमिंग कन्सोलवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी: प्लेस्टेशन ५ यूएचडी डिस्क वाजवतो, पण डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन (उजेड आणि रंग प्रसंगागणिक जुळवणारी पद्धत) त्याला जमत नाही, साध्या एचडीआर१०वर तो खाली येतो. माझ्या मते त्याने फार बिघडत नाही. कृष्णधवल चित्रपटाला तर चांगलं ग्रेडिंग हवं, लेबल नको.

मागवायचं कधी? मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून दुकानात उभं राहून पाकीट उलटून वाचायची चैन संपली. आता सगळं कॅलेंडरवर चालतं. क्रायटेरियन महिन्याच्या मध्याला तीन महिन्यांनंतरची यादी जाहीर करतं: ऑगस्टच्या मध्याला नोव्हेंबरची. यूएचडीची छापील किंमत ४९.९५ डॉलर, ब्लू-रेची ३९.९५. प्री-ऑर्डरची घाई करू नका, कारण बार्न्स अँड नोबल हे अमेरिकन दुकान जुलै आणि नोव्हेंबरात क्रायटेरियनच्या डिस्क अर्ध्या किमतीत विकतं. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. नोव्हेंबरात तो माझी यादी त्याच्या पत्त्यावर मागवतो, डिसेंबरात येताना बॅगेत आणतो, वर ऐकवतो, "मामा, यातलं एक तरी मला बघायला द्याल का?" ज्यांचा कोणी तिकडे नाही त्यांनी ब्रिटनच्या दुकानांतून मागवावं. परदेशी ग्राहकाला तिथला व्हॅट वजा होतो, टपालखर्च मात्र जड. म्हणून चार-पाच डिस्क एकत्र, आणि शक्यतो दोघा-तिघा मित्रांनी मिळून. कस्टमची रक्कम दारात पोस्टमन मागतो, तेव्हा किमतीत ती धरूनच हिशेब करा. मर्यादित प्रतींचा बॉक्ससेट हा एकच अपवाद: तो खरोखर हवा असेल तर सेलची वाट बघू नका, संपल्यावर दुप्पट भावाने घ्यावा लागतो.

पार्सल आलं की त्याच आठवड्यात डिस्क पूर्ण चालवून बघा, फक्त मेनू नाही. दोष असला तर तो बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात सापडतो, आणि बदलून देण्याची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. त्याआधी टीव्हीचं एक काम करा. सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणं) बंद, शार्पनेस खाली, व्हिव्हिड मोड बंद. फिल्ममेकर किंवा सिनेमा नावाचा मोड असेल तर तोच ठेवा. प्लेअरमध्ये सेकंदाला २४ फ्रेमचं आउटपुट चालू करा. लोक तीन-चार हजारांची डिस्क आणतात आणि टीव्ही दुकानातल्या झगमगाटी मोडवर ठेवतात, मग मला फोन करतात की चित्र मालिकेसारखं का दिसतंय.

राहता राहिला मराठीचा प्रश्न, तो प्रत्येक जण विचारतोच. 'संत तुकाराम'ची ब्लू-रे कधी? प्रभातचा १९३६ चा तो चित्रपट व्हेनिसला गौरवला गेला होता, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटांचं स्कॅनिंग आणि रिस्टोरेशन चालूही आहे. पण मराठी कृष्णधवल चित्रपट ब्लू-रेवर जवळजवळ नाहीतच. त्यामुळे घरात जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी असतील तर कपाट आवरताना त्या भंगारात देऊ नका. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच असतं, मोठ्या टीव्हीवर ते चौकोनी ठिपक्यांचं दिसणार, हे खरं. तरी पुण्यात २००३ च्या आगीत नायट्रेट, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची हजारो रिळं जळाली, आणि कोणत्या चित्रपटाची चांगली प्रत कुठल्या अडगळीत उरलीय ते आधी कळत नाही. डिस्कची कॉपी हार्ड डिस्कवर काढा, मूळ डिस्क उभी ठेवा, पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका. घरात १६ किंवा ३५ मिलिमीटरचा डबा निघाला, तर तो स्वतः उलगडून बघू नका आणि प्रोजेक्टरवर तर अजिबात चढवू नका. आकसलेली फिल्म दात्यांवर फाटते. डब्यावरचं लेबल मोबाइलवर टिपा आणि संग्रहालयाला कळवा.