खुरपं, कटर, विळी: घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर कशी वापरायची

कुंड्या असोत नाहीतर घरामागचे चार वाफे, हत्यार घेताना लोक आधी रंग बघतात. ऑनलाइन ते हिरव्या मुठीचे तीन-पाच पीसचे सेट मिळतात ना, ते शक्यतो घेऊच नका, बहुतेक नुसता दाबून आकार दिलेला पत्रा असतो, कोकोपीटमध्ये मस्त चालतो पण काळी माती आवळून आली की मुठीजवळ वाकतो. त्यापेक्षा आठवडी बाजारात लोहार बसतात त्यांच्याकडून एकच खुरपं घ्या, पुण्यात असाल तर बोहरी आळीत एक चक्कर मारा. मुद्दा एवढाच की हत्यार हातात धरून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही.

बघायचं काय तर आधी मूठ. पातं एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरून पिळून बघा, जरा जरी हललं तरी परत ठेवा. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं हवंच, ते नसलं की लाकूड तिथूनच चिरतं. मग पोलादाची परीक्षा. दुकानदाराला विचारून धारेवर छोटी कानस हलकी फिरवा: कानस रुतून भराभर कीस निघाला तर लोखंड मऊ आहे, धार टिकणार नाही, अजिबात न लागता घसरली तर फार कडक आहे, दगडावर बसलं की कपचा उडेल, थोडी अडत अडत चावली तर डोळे मिटून घ्या. साध्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेरच असतो, त्याला कितीही पाणी पाजलं (म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं) तरी ते कडक होत नाही, म्हणून जाणते लोहार ट्रकचा जुना कमानपाटा वापरतात, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा वर असतो. असं खुरपं दिसायला काळंबेंद्रं असतं पण वर्षानुवर्षं चालतं.

वापरताना माती वापशावर असू द्या. चिखलात खुरपलंत तर ढेकळं होतात आणि कोरड्यात मनगट जातं. पातं उभं खुपसायचं नाही, जवळजवळ आडवं धरून मातीच्या थोडं खालून आपल्याकडे ओढायचं, म्हणजे तण मुळाशी कापलं जातं आणि भाजीची मुळं दुखावत नाहीत. लव्हाळ्याला मात्र हे चालत नाही, त्याच्या गाठी खाली राहिल्या की परत फुटतो, तिथे टोकाने खणून गाठीसकट काढावा लागतो. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटा आणि हातमोजे घालूनच, कातडीला भयंकर खाज सुटते.

धार घरीच लावा. कानस एकाच दिशेने, पुढे ढकलताना दाबायची, मागे आणताना उचलायची, आणि जो उतार आधीपासून आहे तोच धरायचा. ग्राइंडरवाल्याकडे दिलंत तर समोर उभे रहा आणि मधेमधे पाण्यात बुडवायला सांगा, धारेची कड निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, मग तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार राहत नाही.

फांद्या छाटायच्या कटरमध्ये दोन प्रकार येतात. एकात दोन पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात, दुसऱ्यात एक पातं सपाट पट्टीवर आपटतं. जास्वंद, गुलाब, लिंबू अशा हिरव्या फांद्यांना पहिलाच घ्या, दुसरा फांदी चेचतो, तो वाळक्या काटक्यांना ठीक. धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवून डोळ्याच्या (फांदीवर कोंब फुटतो ती जागा) थोडं वर, अर्ध्या सेंटिमीटरवर, तिरका काप द्या. धार फक्त उताराच्या बाजूला लावायची, सपाट बाजूला उलटून आलेली लोखंडाची बारीक कूस एकदा घासून काढायची, बस. आणि रोगट झाड कापलं की पुढच्या झाडाला हात लावायच्या आधी पाती स्पिरिटने पुसा, हे खरंच करा, एका झाडाचा रोग दुसऱ्याला असाच जातो. डिंक चिकटला तर थोडं रॉकेल.

पावसाळ्यात सगळी हत्यारं माती झटकून, कोरडी पुसून, तेलाचा हात फिरवून टांगून ठेवा, ओल्या फरशीवर टेकवून नको. गंज आलाच असेल तर लिंबू-मीठ चोळून अर्धा तास ठेवा, मग घासून धुवा आणि लगेच कोरडं करा.

स्वयंपाकघरातल्या विळीलाही हीच कानसेची परीक्षा. वर तिचा पाट फरशीवर डुगडुगत नाही ना, पातं दुमडताना खिळा सैल नाही ना, आणि खोबरं खोवायचे दाते बोटाला सगळे सारखे लागतात ना, हे दुकानातच बसून बघा. स्टेनलेस स्टीलचं पातं सहसा गंजत नाही म्हणून चांगलं, पण स्वस्तातल्यांची धार लवकर जाते. लोखंडी पात्यावर कैरी-चिंच चिरली की ते काळं पडतं, तेव्हा आंबट काही चिरलं की लगेच धुऊन पुसून ठेवायचं.