फोटो काळपट येतात? कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी हे करून बघा

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोलपथकाचे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातली पोरं राखाडी गणवेशात! कॅमेरा गेला असंच वाटलं. गेलं काहीच नव्हतं.

आधी फोटो खरंच काळा आहे का, हे बघा. उन्हात स्क्रीनवर सगळंच अंधारं दिसतं. फोटो उघडून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) लावा. भर दिवसाच्या फोटोत सगळा ढीग डावीकडे आणि उजवी बाजू रिकामी असेल, तर तक्रार खरी.

मग अधिक-उणे चिन्हाचं बटण किंवा चकती शोधा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात ते हेच. माझं बॅगेत घासून −१ वर गेलं होतं, म्हणजे प्रकाश थेट निम्मा. −२ वर पाव. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो आकडा बंद-चालू केल्यावरही तसाच राहतो.

शून्यावर आणूनही सदरे मळकटच, कारण मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग. समोर काहीही असो, त्याला ते मध्यम राखाडी करायचं असतं. फ्रेमभर पांढरं दिसलं की तो उजेड कापतो. अशा वेळी +१ द्या. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी पाहुण्यांना उभं करून मागे भरपूर आकाश घेतलंत, तरी हेच होतं: आकाश छान, मावशी काळ्या. स्पॉट मीटरिंग (छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजणं) लावून चेहऱ्यावर मोजा किंवा +१.५ द्या. नंतर शून्यावर आणायला विसरू नका, मी विसरतो.

लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) राहिलाय का, तेही बघा. एम मोडमध्ये (जिथे सगळं आपणच हाताने ठरवतो) तो खाईल तेवढा उजेड कमी. रात्री फ्लॅश पोचत नसेल तर साधा हिशोब: गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) भागिले छिद्राचा आकडा. गाइड नंबर १२ आणि छिद्र एफ/४, तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० वर पल्ला ३ मीटर. मंडपाबाहेरून मूर्ती उजळायची नाही.

एवढं करूनही काळं येत असेल तर कडक उन्हात, दहा-अकराच्या सुमाराला, गच्चीवर जा. फ्लॅश आणि ऑटो आयएसओ बंद, एम मोड, आयएसओ १००. ऊन पाठीमागून घेऊन समोरच्या इमारतीचे दोन फोटो काढा: एक छिद्र एफ/१६, शटर १/१२५ सेकंदावर, दुसरा एफ/५.६, १/१००० वर. दोन्ही सारखेच आणि नीट उजळ यायला हवेत. तसे आले तर कॅमेरा ठणठणीत, घोळ सेटिंगमध्ये. फक्त पहिला काळा असेल तर लेन्समधली छिद्राची पाती जास्त मिटतायत. दुसरी लेन्स मिळाली तर लावून खात्री करा. फक्त दुसरा काळा, त्यातही एक कड जास्त काळी, तर शटरवर संशय घ्या. दुरुस्तीला जाताना हे दोन्ही फोटो कार्डवर तसेच ठेवा आणि कारागिराला आधी तेच दाखवा.