पुढच्या ‘लॉगफोरजे’आधीची तयारी

१० डिसेंबर २०२१ला, शुक्रवारी, लॉगफोरजे या जावा भाषेतल्या लायब्ररीतल्या, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदी (लॉग) ठेवणाऱ्या तयार कोडमधल्या, भगदाडाची बातमी आमच्यापर्यंत पोचली. लॉगमध्ये विशिष्ट मजकूर लिहिला गेला की सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवणार, इतकं ते भयंकर होतं. दुरुस्त आवृत्ती तयार होती, पण ‘आपण ही लायब्ररी कुठे कुठे वापरतो?’ याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. शनिवार-रविवार ते शोधण्यातच गेला. त्यानंतर जी तयारी आम्ही हळूहळू केली, ती इथे मांडतोय. तुमच्यावर अशी वेळ येण्याआधी एवढं करून ठेवा.

सगळ्यात आधी आपल्या घरात काय काय आहे ते कळू द्या. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात पॅकेज डॉट जेसन या फाइलमध्ये आपण मागितलेलं दिसतं, प्रत्यक्षात काय आलं ते लॉक फाइलमध्ये दिसतं. म्हणून लॉक फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात, हवीच, आणि बिल्ड सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा, तो लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या घेतो. जावासाठी मेव्हन हे बिल्डचं साधन वापरत असाल तर डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कुठली लायब्ररी कुणामुळे आली त्याचा वृक्ष, काढून नीट वाचा. आपण दहा लायब्ररी घेतो आणि त्यांच्या मागून दोनशे येतात, हे पहिल्यांदा पाहताना धक्का बसतो. पण तेवढ्यावर थांबू नका. काही लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीचे क्लास स्वतःच्या जारमध्येच (जावाच्या कोडच्या गठ्ठ्यात) भरून देतात, आणि ते त्या ट्रीमध्ये दिसत नाहीत. आमचा रविवार खाल्ला तो अशाच एका जारने. म्हणून तयार झालेली कंटेनर इमेज, म्हणजे सर्व्हरवर चालवायचं पूर्ण गाठोडं, तपासा. ‘सिफ्ट’सारखं मोफत साधन इमेज उघडून आतल्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, काढून देतं. सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स, कुठलाही फॉरमॅट चालेल. प्रत्येक रिलीजबरोबर ही यादी काढून जपून ठेवा, कारण संकटाच्या दिवशी विचारायचं असतं ते प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या वापरातल्या सर्व्हरवर, आत्ता काय चालू आहे. मेन ब्रँच, म्हणजे टीमचा ताजा कोड, कदाचित महिनाभर पुढे गेलेली असते. विकत घेतलेली सॉफ्टवेअरंही यादीत घ्या आणि प्रत्येकासमोर त्या कंपनीच्या सपोर्टचा नंबर लिहा.

सूचना कोण वाचणार ते नावानिशी ठरवा. जुन्या-धोकादायक लायब्ररींची सूचना देणाऱ्या डिपेंडाबॉटचे ईमेल सगळ्या टीमला गेले की ते कुणीच वाचत नाही. दर आठवड्याला पाळी लावा.

मग येतो क्रम. त्रुटी शोधणारा स्कॅनर पहिल्याच दिवशी शेकडो लाल ओळी दाखवेल आणि माणूस हताश होईल. नुसत्या तीव्रतेच्या आकड्यावर जाऊ नका. अमेरिकेची सीसा ही संस्था प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची केव्ह नावाची यादी ठेवते. त्यात असलेलं आणि इंटरनेटला उघडं असलेलं आधी हाती घ्या. फक्त टेस्टसाठी लागणारं पॅकेज मागे राहिलं तरी चालेल. एखादी त्रुटी सोडून द्यायची ठरवलीत तर कारण आणि पुन्हा बघायची तारीख दोन्ही लिहा. मुदतीही आधीच ठरवा. जावाच्या स्ट्रट्स या लायब्ररीतल्या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७मध्ये आली होती, तरी इक्विफॅक्स या लोकांची पतमाहिती ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीमध्ये मे महिन्यात त्याच भोकातून चोर शिरले आणि १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली.

अपग्रेडची सवय शांत दिवसांतच लावा. लॉगफोरजेची २.१५.० आली, ती अपुरी म्हणून २.१६.०, मग २.१७.० आणि वर्ष संपायच्या आत २.१७.१. ज्यांच्या टेस्ट आपोआप चालत होत्या त्यांना चार वेळा रिलीज करणं झेपलं. घाईत ‘एनपीएम ऑडिट फिक्स’ला ‘फोर्स’ जोडू नका. तो मोठे बदल असलेल्या आवृत्तीवरही उडी मारतो आणि सगळं मोडू शकतो.

मात्र नवीन आवृत्ती आली की त्याच तासाला घ्यायची, असंही करू नका. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून. या एका माणसाच्या चिकाटीचे आपल्यावर फार मोठे उपकार आहेत. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर लगेच घ्या, बाकी नव्या आवृत्त्या काही दिवस मुरू द्या. एनपीएमसारख्याच पीएनपीएम या साधनात त्यासाठी सेटिंगच आहे.

भारतात काम करत असाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२चा आदेश वाचून ठेवा. घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं आणि १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात. कळवायचं कुणी, हे रात्री दोन वाजता ठरवायची पाळी येऊ नये.

आणि सराव करा. एखाद्या मंगळवारी कुठलीही एक लायब्ररी निवडा, घड्याळ लावा आणि टीमला विचारा, ही आपल्याकडे कुठे आहे? मागच्या सरावात आम्हाला एक जुना टेस्ट सर्व्हर सापडला, कुणाच्याच यादीत नसलेला आणि बाहेरून उघडा. त्याच दुपारी तो बंद केला.