ल्युपस आहे का, हे कसं शोधावं: सुरुवात कॅलेंडरपासून

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, सगळं त्या चौकोनांत. भाची आमच्याकडे शिकायला होती तेव्हा तिचीही दुखणी त्यात शिरली: 'तोंड आलंय', 'बोटं आखडली, डबा नाही', 'ताप ९९.८'. तिला ल्युपस आहे हे कळायला सव्वा वर्ष लागलं, आणि शेवटी डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ वाचली ती या चौकोनांवरून उतरवलेली यादी.

त्या सव्वा वर्षात त्वचेच्या डॉक्टरांनी गाल पाहिले, हाडांच्या डॉक्टरांनी बोटं, दातांच्या डॉक्टरांनी टाळूवरचे व्रण. ज्याचं त्याचं आपापल्यापुरतं बरोबर होतं. हे सगळे कागद एका टेबलावर मांडायचे मात्र राहून गेले होते.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. पेशी सगळीकडेच असल्यामुळे त्रासही सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंड, फुप्फुसाचं आवरण असा कुठेही होतो. दहांतल्या नऊ रुग्ण स्त्रिया असतात, बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या. हा आजार संसर्गजन्य नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी ठेवायची काहीच गरज नाही.

आधी तारखा लिहा. काय होतंय यापेक्षा कधी, किती दिवस आणि कशानंतर, हे महत्त्वाचं. भाची एका रविवारी सिंहगड चढून आली. मंगळवारी दोन्ही गाल आणि नाकाचा वरचा भाग लालभडक, अंगात कणकण. ऊन लागलं, असं म्हणून आम्ही कोरफड लावली. उन्हाने आलेली साधी लाली लवकर ओसरते, ही आठवडाभर राहिली. शिवाय नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी कोरी होती. ल्युपसच्या फुलपाखरी चट्ट्यात ही घडी बहुधा सुटते. अशा वेळी लगेच फोटो काढा, खिडकीजवळच्या उजेडात आणि ब्यूटी फिल्टर बंद करून. अपॉइंटमेंटच्या दिवशी चट्टा नेमका गायब असतो.

तोंड आलं की आपण उष्णता झाली म्हणतो आणि गुलकंद खातो. ल्युपसचे व्रण बऱ्याचदा टाळूवर असतात आणि दुखतही नाहीत, म्हणून आरशात टॉर्च मारून बघा. सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात का, थंडीत बोटांची टोकं पांढरी-निळी पडतात का, केस झुपक्याने जातात का, आधी गर्भपात झालेत का, हेही लिहा. चालू औषधांची यादी जोडा. क्षयावरच्या आयसोनियाझिडसारख्या काही औषधांनीही ल्युपससारखं चित्र उभं राहतं.

मग फॅमिली डॉक्टर. थेट एएनए (केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) करायला लॅबमध्ये धावू नका. पुण्यात पावसाळ्यात ताप आणि सांधेदुखी म्हटलं की आधी चिकुनगुनिया आणि डेंगी आठवतात, आणि ते योग्यच आहे. २०२४ च्या पावसाळ्यात इथे चिकुनगुनियाची बरीच मोठी लाट होती. चिकुनगुनियाचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात, डेंगीत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात, आणि ल्युपसमध्येही हे सगळं होतं. फरक पडतो तो काळाने. डेंगीतल्या पेशी काही दिवसांत सावरतात. ल्युपसमध्ये त्या पुन्हा पुन्हा कमी दिसतात. म्हणून सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, जुने रिपोर्ट फेकू नका.

या टप्प्यावर सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी), रक्तदाब आणि लघवीची तपासणी एवढं पुरतं. ईएसआर भरपूर वाढलेला आणि सीआरपी जेमतेम, ही जोडी दिसली की डॉक्टरांचे कान टवकारतात. लघवीची तपासणी लोक हमखास टाळतात, कारण बाटली भरून न्यायचा कंटाळा. मला विचाराल तर सगळ्यांत मोलाची तपासणी तीच. मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काही दुखत नाही; लघवीतली प्रथिनं आणि लाल पेशीच आधी बोलतात.

एएनए कसं वाचायचं. नुसतं 'पॉझिटिव्ह' वाचून रात्र जागवू नका. शेजारी टायटर बघा, म्हणजे रक्त किती पट पातळ करूनही अँटिबॉडी दिसतात तो आकडा. १:८० वर दहातल्या एखाद्या धडधाकट माणसाचाही एएनए पॉझिटिव्ह येतो. थायरॉइडच्या आजारात किंवा एखाद्या विषाणूसंसर्गानंतरही येतो. तपासणी शक्यतो इम्युनोफ्लुरोसन्स (अँटिबॉडी सूक्ष्मदर्शकाखाली चमकवून बघण्याच्या) पद्धतीची करून घ्या. या तपासणीचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता फारच कमी होते. आणि एकदा पॉझिटिव्ह आली की दर तीन महिन्यांनी तीच करत बसण्यात पैसे जातात, हाती काही येत नाही.

पुढच्या रक्ततपासण्या म्हणजे अँटी-डीएसडीएनए, अँटी-एसएम (दोन्ही ल्युपसच्या खास अँटिबॉडी), सी३, सी४ (प्रतिकारशक्तीतली प्रथिनं) आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपातांशी संबंधित). त्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांधे आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या तज्ज्ञांना, ठरवू द्या. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनए किमान १:८० असेल तरच गुण मोजायला सुरुवात होते. सांध्यांना ६, तापाला २, अँटी-डीएसडीएनएला ६ असे गुण असतात आणि किमान एका लक्षणासह १० भरावे लागतात. हे निकष मुळात संशोधनात रुग्ण निवडण्यासाठी केलेले आहेत, त्यामुळे घरी बसून बेरीज करू नका. आमच्याकडे एका हौशी काकांनी केली आणि घर दोन दिवस सुतकात गेलं.

तज्ज्ञांना दाखवण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नका. दोन दिवसांत छान वाटतं आणि लक्षणं झाकली जातात. आधीपासून चालू असतील तर मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

'आत्ता ल्युपस म्हणता येत नाही, तीन महिन्यांनी या,' असंही उत्तर मिळू शकतं. ती टाळाटाळ नसते. चित्र पूर्ण व्हायला कधी वर्षं लागतात. तोवर ऊन टाळायचं, लघवी तपासत राहायची, तारखा लिहीत राहायच्या. पण लघवीला फेस, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज, श्वास घेताना छातीत कळ, फिट किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

निदान झाल्यावर बहुतेकांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू होतं. केमिस्ट 'हे तर मलेरियाचं' म्हणेल. आहेच ते मुळात मलेरियाचं; पण ल्युपसमध्ये ते वर्षानुवर्षं घ्यायचं असतं आणि बरं वाटलं म्हणून सोडायचं नसतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजन उतरलं तर डॉक्टरांच्या कानावर घाला. सुरुवातीलाच एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड अशक्त असेल तर त्याच्याही आधीपासून.