एबीएसचा दिवा आणि उतावळे हात : या चुका टाळा

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्या गाड्या आता वॉरंटीबाहेर पडून बाहेरच्या गॅरेजांत यायला लागल्यात. सोबत येतात अर्धवट उघडलेले कपलर (वायरी जोडायचे प्लग), काळ्या टेपात गुंडाळलेल्या वायरी आणि डिकीत पडलेले जुने ‘खराब’ सेन्सर. त्यातले बरेचसे चांगले असतात. मीटरमध्ये पिवळा दिवा दिसला की स्कॅनर लावायचा, त्यानं ज्या चाकाचं नाव घेतलं त्याचा सेन्सर मागवायचा, बसवायचा, कोड पुसायचा, पैसे घ्यायचे. गिऱ्हाईक पुढच्या चौकात पोचेपर्यंत दिवा परत हजर.

कोड दिसला की पार्ट बदलणे

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. सी ००३५ आला, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा वेग मॉड्यूलला, एबीएसच्या कॉम्प्युटरला, नीट कळत नाहीये, एवढंच. ते सेन्सरमुळे असेल, वायरीमुळे असेल, कपलरमध्ये पाणी शिरल्यामुळे असेल, नाहीतर सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो त्या बेअरिंगमधल्या चुंबकी रिंगेमुळे असेल. त्यातलं नेमकं काय, हे स्कॅनर सांगत नाही. ते शोधायचेच आपल्याला पैसे मिळतात.

कोल्हापूर-रत्नागिरी अशी सतत ये-जा असलेली एक गाडी आली होती. पुढच्या उजव्या चाकाचा कोड. दुसरीकडे सेन्सर एकदा बदलून झालेला, मग ‘पहिला डुप्लिकेट निघाला’ म्हणून पुन्हा एकदा बदललेला. आता एबीएस मॉड्यूलचं कोटेशन हातात. मालकाला विचारलं, दिवा नेमका कधी लागतो? तो म्हणाला, “आंबा घाटात लागतो बघा. सपाटीला दिवसभर फिरवा, काही नाही.” निम्मं निदान तिथंच झालं होतं, पण आधीच्या कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता.

स्कॅनरवर कोडचं पान बंद करून लाइव्ह डेटा उघडला. चारही चाकांचे वेग एकाखाली एक. गाडी मोकळ्या मैदानात नेली. सरळ चालवताना चारही आकडे जुळलेले. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं, तरी चारही जिवंत. उजवीकडे वळवलं आणि पुढच्या उजव्या चाकाचा आकडा एकदम शून्य. सरळ केलं, परत आला. या गाडीत सेन्सर वेगळा आणि हबपासून आत जाणारी वायर वेगळी येते. सेन्सर दोनदा नवा झाला, वायर मात्र तीच जुनी. कधीतरी शॉकअप बदलताना वायरीची क्लिप परत लावायचा कुणीतरी कंटाळा केला होता. चाक वळलं की वायर ताणली जायची. आतली तांब्याची तार तुटलेली, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत, त्यामुळे नजरेला काहीच दिसत नव्हतं.

अशा जागी मी जोड देत नाही. जिथं वायर सतत हलते तिथं सोल्डर केलं की शेजारी पुन्हा तुटते, आणि पीळ मारून टेप लावली तर पहिल्या पावसात हिरवी पडते. तेवढी वायर नवीन मागवायची, क्लिपा जिथल्या तिथं लावायच्या, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवून कुठं ताण येतोय का बघायचं. वायर मिळतच नसेल तर जोड आत, न हलणाऱ्या भागात घ्यायचा, गोंदाच्या हीट श्रिंकसकट (तापवली की आवळून बसणारी नळी).

‘मेस्त्री, बारा व्होल्ट येत्यात की!’

ही दुसरी. मल्टिमीटरवर बारा दिसले की पोरं सप्लाय ओके म्हणून मोकळी होतात. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो बारा दाखवणार. नळ बंद असताना पाइप भरलेलाच असतो, धार किती आहे ते तोटी सोडल्यावर कळतं. मी होल्डरला दोन वायरी लावलेला २१ वॉटचा ब्रेकचा बल्ब कायम खिशात ठेवतो. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. मॉड्यूलचा कपलर काढून सप्लाय आणि अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाणारी वायर) यांच्यात तो लावायचा. लख्ख पेटला तर ठीक, मिणमिणला तर फॉल्ट तिथंच. एक मात्र लक्षात ठेवा, हा बल्ब फक्त सप्लायच्या जाड वायरींना. सेन्सरच्या किंवा कॅनच्या (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या) वायरींना लावाल तर मॉड्यूल खरंच बदलावं लागेल.

डेंटिंग-पेंटिंग होऊन आलेल्या गाड्यांत तर मी आधी अर्थच बघतो. अशाच एका गाडीत पुढचा भाग ठोकून, रंगवून झाल्यावर एबीएस आणि ईएसपी (वळणावर गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दोन्ही दिवे लागले होते. मॉड्यूल गेलं असं सांगितलेलं, आणि त्याची किंमत ऐकून मालकानं दिव्यांसकटच चालवायचं ठरवलेलं. स्कॅनरनं एबीएसचा पंप चालू केला आणि मॉड्यूलची अर्थची वायर ते बॅटरीचं मायनस यांच्यात मीटर धरला. तिथं ०.१ व्होल्टच्या आसपास यायला हवं, दोन व्होल्ट येत होते. अर्थचा बोल्ट बॉडीच्या नव्या रंगावरच आवळलेला! रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट घट्ट केला, वरून व्हॅसलीन. पार्ट काहीच लागला नाही. मजुरी सांगितली तेव्हा मालकानं ‘एवढ्याशा कामाचे?’ म्हणून तोंड वाकडं केलं, ते वेगळं.

बाकीच्या, पटापट

नव्या सेन्सरचे ओहम मोजत बसू नका. जुने दोन वायरींचे कॉइलवाले सेन्सर हजार-दीड हजार ओहम दाखवायचे, ते दिवस गेले. आताचे बहुतेक ॲक्टिव्ह असतात. त्यांना सप्लाय लागतो आणि ते ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा करंटच्या दोन पायऱ्यांत बोलतात. त्यांचे ओहम मोजून काहीही ठरत नाही.

वायरीत टाचणी खुपसून चेक करणाऱ्यांना माझ्या गॅरेजमध्ये जागा नाही. त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि एका पावसाळ्यात तांब्याचा चुरा होतो. कपलरच्या मागून बारीक पिन सरकवा.

हब बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा आला? बहुधा बेअरिंग उलटं बसलंय. चुंबकी रिंगेची बाजू सेन्सरकडे हवी, आणि ती नुसत्या डोळ्यांना साध्या सीलसारखीच दिसते. प्रेस करायच्या आधी बारीक लोखंडी कीस किंवा टाचणी जवळ नेऊन बघा. हे काम बेअरिंगवाल्यावर सोडू नका.

ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतं. त्यात काही दिसलं नाही म्हणजे एबीएस ठीक, असं नाही.

कोड आधी लिहून घ्या, मग पुसा. आल्या आल्या पुसणाऱ्याला काय म्हणावं मला अजून सुचलेलं नाही.

यू ०१२१ आला म्हणजे एबीएस मॉड्यूल बाकीच्यांशी बोलतच नाहीये. फ्यूज, सप्लाय, अर्थ या क्रमानं बघा. मग बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतो त्या) ६ आणि १४ नंबरच्या, म्हणजे कॅनच्या, पिनांत ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठंतरी तुटली आहे. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदरांनी घर केलेलं असेल तर मी मीटरच्या आधी टॉर्च काढतो.

अलाइनमेंटनंतर फक्त ईएसपीचा दिवा आला तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य सेट करायचा राहिलाय. काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून भागतं, काहींना स्कॅनरच लागतो. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर घालून आलेल्यांनी आधी टायर बदलून यावं.

लाल ब्रेकचा आणि पिवळा एबीएसचा असे दोन्ही दिवे एकत्र लागले, हँडब्रेक खाली आहे, ब्रेक ऑइलही पुरेसं आहे, तर ईबीडी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा, बंद पडल्याची शक्यता धरा. जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. एकटा पिवळा असेल तर साधा ब्रेक चालतो, सावकाश गॅरेजपर्यंत या. ऑइल कमी दिसलं म्हणून नुसतं भरून पाठवू नका, पॅड झिजले की ते खाली उतरतंच. आणि ईएसपीसोबत क्रूझ कंट्रोलही चालत नसेल तर स्कॅनर लावायच्या आधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकलाइट लागत नसतील तर पेडलवरचा स्विच बघा. तो मॉड्यूलच्या मानानं अगदी किरकोळ किमतीत येतो.