उत्तर ओंटारियोत विमानाने मासेमारीला जायचंय? तयारी अशी करा

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात अडीच लाखांहून जास्त तळी आहेत आणि उत्तरेकडच्या बहुतेक तळ्यांपर्यंत रस्ताच पोचत नाही. हर्स्ट, नाकिना, सू लुकआउट, रेड लेक अशा गावांपर्यंत गाडी जाते. तिथून पुढे पाण्यावर उतरणारं छोटं विमान तुम्हाला सामानासकट एखाद्या तळ्याकाठच्या लाकडी केबिनपाशी सोडतं आणि ठरलेल्या दिवशी न्यायला येतं. मधले चार-सहा दिवस त्या अख्ख्या तळ्यावर फक्त तुम्ही. याला इथे फ्लाय-इन म्हणतात.

आम्ही चौघं मित्र टोरांटोजवळच्या मिसिसागाहून जवळजवळ दरवर्षी जातो. गळ टाकायला तर तासाभरात शिकता येतं. खरं काम असतं ते आधीच्या चार-पाच महिन्यांत, कारण विमान परत गेल्यावर विसरलेली वस्तू आणायला कुठेच जाता येत नाही. म्हणून हा लेख जवळजवळ सगळा तयारीवरच आहे.

आधी आठवडा ठरवा, मग तळं

इथला मुख्य मासा वॉलाय. गावातली माणसं त्याला पिकरेल म्हणतात. मासेमारीच्या नियमांसाठी प्रांताचे झोन पाडलेत; उत्तरेकडच्या बऱ्याच झोनमध्ये एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत तो धरायला बंदी असते. बर्फ वितळून तळी मोकळी होतात तीही साधारण त्याच सुमाराला. मेअखेर आणि जूनमध्ये वॉलाय उथळ पाण्यात, ओढे-नद्या तळ्याला मिळतात तिथे असतो आणि नवख्याच्याही गळाला सहज लागतो. पण डास आणि काळ्या माश्यांचा कहर याच दिवसांत. ऑगस्टमध्ये मासा खोल जातो, शोधावा लागतो; किडे मात्र बरेच कमी झालेले असतात. माझं मत विचाराल, तर पहिल्यांदा जाणाऱ्या मित्रमंडळींनी जून घ्यावा, आणि मुलंबाळं बरोबर असतील तर ऑगस्टचा शेवट.

चांगले आठवडे जुने गटच पुन्हा पुन्हा धरून ठेवतात, त्यामुळे जानेवारीतच फोनाफोनी सुरू करा. दोन प्रकार असतात: लॉज, जिथे जेवण आणि वाटाड्या मिळतो, आणि आउटपोस्ट केबिन, जिथे स्वयंपाकापासून सगळं आपलं आपण. आउटपोस्ट स्वस्त पडतं आणि मला तेच आवडतं. बुकिंगआधी हे विचारून घ्या: माणशी किती पौंड सामान चालेल? बोटीच्या मोटरचं पेट्रोल किमतीत धरलंय का? गॅसवरचा फ्रिज आहे का? लाइफ जॅकेट कोणत्या मापाची आहेत? अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं का? त्या तळ्यावर आणखी कोणाची केबिन आहे का? आणि अडचण आली तर संपर्क कसा करायचा?

कागदपत्रं

आउटडोअर्स कार्ड आणि त्यावर मासेमारीचा परवाना, दोन्ही लागतात. कार्ड तीन वर्षं चालतं. परवान्यांत स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन असे दोन प्रकार आहेत. बहुतेक ठिकाणी स्पोर्टवर वॉलाय ठेवायची मर्यादा चार, कॉन्झर्व्हेशनवर दोन. स्वस्तातला कॉन्झर्व्हेशन पुरेसा होतो. रोज ताजे दोन मासे एका माणसाला खाऊन संपत नाहीत. उत्तरेकडच्या कित्येक झोनमध्ये ४६ सेंटिमीटरहून लांब वॉलाय एकच ठेवता येतो, म्हणून मोजपट्टी बोटीतच असू द्या. आपल्या तळ्याचा झोन कुठला आणि तिथले त्या वर्षीचे नियम काय, हे सरकारी नियमपुस्तिकेतून वाचून एक प्रत छापून न्या. तिथे इंटरनेट नसतं.

एक गोष्ट आपल्या लोकांच्या हमखास लक्षात राहत नाही. कॅनडात राहणाऱ्या पासष्टीपुढच्या माणसाला परवाना काढावा लागत नाही, पण पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या सत्तर वर्षांच्या बाबांना ही सूट नाही. त्यांचा बिगर-कॅनेडियन परवाना वेगळा काढा. शिवाय मोटरबोट जो चालवणार, त्याच्याकडे प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड हवं. त्याची परीक्षा घरबसल्या देता येते. जिवंत आमिषं, म्हणजे छोटे मासे किंवा जळवा, एका विभागातून दुसऱ्यात न्यायची नाहीत. त्या भागातल्याच दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा.

वजन

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. विमान बहुधा बीव्हर किंवा ऑटर जातीचं असतं. बीव्हरचं पहिलं उड्डाण १९४७ साली टोरांटोच्या डाउन्सव्ह्यूमध्ये झालं, आणि त्याच जमान्यातली विमानं डागडुजी करून आजही उडताहेत. त्यांत भरायच्या वजनाला हद्द असते आणि तिथे कोणाची भीड चालत नाही. धक्क्यावर काटा ठेवलेला असतो. एकेक पिशवी त्यावर चढते, पायलट पेन्सिलीने आकडा लिहितो, मग माणसांनाही उभं करतो.

पहिल्या वर्षी आम्हाला माणशी शंभर पौंडांची मुभा होती. चौघांचं मिळून सामान सत्तर पौंड जास्त भरलं. मागे पंधरा मिनिटांत दुसरं विमान लागणार होतं. त्या घाईत आम्ही बर्फाचा मोठा कूलर, लोणच्याच्या काचेच्या बरण्या, गळांची दुसरी पेटी काढून ठेवली, आणि त्यांच्याबरोबर रेनकोटांची बॅगही. पुढचे तीन दिवस पाऊस होता. कचऱ्याच्या पिशव्यांना भोकं पाडून त्या अंगात घातल्या आणि बोटीत बसलो. तेव्हापासून निघायच्या आदल्या रविवारी सगळं सामान बाथरूमच्या काट्यावर मोजतो आणि पाच पौंड कमीच ठेवतो.

कडक सुटकेस नको. मऊ डफल बॅगा विमानात कशाही कोंबता येतात. काच अजिबात नको. तांदूळ, डाळ, पोहे, भाजणी आधीच मोजून झिपच्या पिशव्यांत भरा आणि प्रत्येकीवर वार लिहा: सोमवार रात्र, मंगळवार सकाळ. मेतकूट आणि सुक्या चटण्या वजनाला हलक्या, आणि दमून आल्यावर गरम भाताबरोबर दुसरं काही लागत नाही. मटण-चिकन घट्ट गोठवून न्या, म्हणजे तेच बर्फाचं काम करतं. अस्वलासाठीचा स्प्रे नेणार असाल तर तो पायलटला दाखवून हातात द्या. पायलट तो बहुधा विमानाच्या पायांशी असलेल्या फ्लोटच्या कप्प्यात ठेवतो, कारण आत डबा फुटला तर त्याला डोळेच उघडता येणार नाहीत.

गळांचं सामान थोडंच पुरतं. माणशी एक मध्यम काठी, आठ-दहा पौंडांची दोरी, एक-अष्टमांश ते पाव औंसाच्या जिग (डोक्याशी वजन असलेले गळ), त्यांना लावायच्या रबरी शेपट्या, चार-दोन चमचे, म्हणजे धातूची चकाकती आमिषं. नॉर्दर्न पाइक या दुसऱ्या माशाच्या दातांनी साधी दोरी ब्लेडने कापावी तशी तुटते, म्हणून तारेचे लीडर, म्हणजे दोरी आणि गळ यांच्यामध्ये जोडायचे तुकडे, हवेत. लांब चिमटा प्रत्येकाच्या खिशात असू द्या.

किडे, पाणी, औषधं

फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावरून घालायचं जाळीचं जॅकेट घ्या. काळ्या माश्या कॉलर आणि कानामागे शोधून चावतात. तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी खळखळून एक मिनिट उकळा. त्यातल्या जिआर्डियाने आठवडाभर पोट धरून बसायची पाळी येते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र घ्या किंवा भाड्याने आणा. ते घरूनच चालू करून एक संदेश पाठवून पाहा.

धुकं, वादळ किंवा वणव्याचा धूर असेल तर विमान येत नाही. एकदा आम्ही सकाळी आठला केबिन झाडून धक्क्यावर बसलो होतो. समोरचा किनारा दिसत नव्हता. विमान आलं दुसऱ्या दिवशी अकराला. आमच्यातल्या एकाच्या रक्तदाबाच्या गोळ्या आदल्या रात्रीच संपल्या होत्या आणि तो दिवस आम्ही सगळ्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघत काढला. औषधं तीन दिवसांची जास्त, जेवण दोन दिवसांचं जास्त, आणि परतल्यावर कामावर जाण्याआधी एक मोकळा दिवस. यात काटकसर करू नका.

मासा घरी नेताना आणि खाताना

मोठ्या मासळीत पारा जास्त साठतो आणि अंडीही तिच्याच पोटी सर्वांत जास्त असतात. ती पाण्यातच हलकेच सोडा आणि तीस-पस्तीस सेंटिमीटरचे वॉलाय जेवणाला ठेवा. साफसफाई केबिनपासून लांब करा. आतडी-डोकी कुठे टाकायची ते आउटफिटर, म्हणजे केबिन भाड्याने देणारा, सांगतो. तेच पाळा, नाहीतर वासावर अस्वल दारात येतं. तुकड्या हळद, मीठ, तिखट आणि आगळ लावून अर्धा तास ठेवा, रव्यात घोळवा, बिडाच्या तव्यावर तळा. वॉलायचं मांस पांढरं, पाकळीपाकळीने सुटणारं. मला तर जिताड्याची आठवण होते. वणव्यामुळे आगबंदी असेल तर काठावर चूल पेटवू नका, आतल्या गॅसवरच करा.

घरी न्यायच्या तुकड्यांवर कातड्याचा एक चौकोन राहू द्या आणि त्या सपाट, मोजता येतील अशा बांधा. वाटेत अधिकाऱ्याने थांबवलं तर मासा कुठला आणि किती, हे त्याला ओळखता यायला हवं. ११ नंबरच्या हायवेवर संध्याकाळी मूस, म्हणजे प्रचंड मोठी हरणं, आडवी येतात, त्यामुळे परतीचा प्रवास उजेडात सुरू करा. आणि धक्क्यावर उतरल्यावर हिशेब चुकवतानाच पुढच्या वर्षीचा तोच आठवडा नावावर टाकून घ्या; घरी जाऊन फोन करेपर्यंत तो बहुधा गेलेला असतो.